भूक मारण्याचें औषध

पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढण्यापूर्वीं मागून जादा एंजिनें जोडून घेण्यासाठीं कर्जत स्टेशनांत थांबावयाची आणि तेवढ्या अवकाशांत उतारूंनीं बटाटेवड्यांवर तुटून पडावयाचें, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. गेल्या पावसाळ्यांत अशाच एका गाडींत माझ्यासमोर दोन सुशिक्षित, प्रौढ भगिनी बसल्या होत्या. एकीनें गरम वड्यांचा पुडा उघडून दुसरीपुढें केला. दुसरी हंसून म्हणाली, "नको ग. मला हल्लीं भूकच लागत नाहीं." परीक्षेंत पहिल्या वर्गांत उतरलेल्या मुलीच्या स्वरांत असतो, तसा आनंद त्या स्वरांत होता. पहिलीनें पुडा मिटला आणि हलक्या आवाजांत विचारलें, "महिन्याला किती पडतात ग?"

दुसऱ्याच दिवशीं खालापूर तालुक्यांतील एका कातकरी वाडीवर अंगणवाडीच्या सेविकाबाईंबरोबर जाण्याचा योग आला. दोन वर्षांच्या एका मुलाचें वजन करून झालें, दंडाचा घेर मोजून झाला. मग बाईंनीं त्याच्यापुढें खाऊची वाटी धरली. मुलानें तोंड फिरविलें. आई ओशाळून म्हणाली, "त्याला भूकच लागत नाय, बाई." सेविकाबाईंचा चेहरा एकदम उतरला. अतिशय कुपोषित मुलाची भूक मरणें ही मोठ्या धोक्याची खूण समजतात. अशा मुलाला घरीं ठेवून चालत नाहीं, रुग्णालयांत न्यावें लागतें. त्यालाहि त्याच संध्याकाळीं नेलें.

पांच-सात कोसांच्या टापूंत, दोन दिवसांच्या आंत, दोन स्त्रियांच्या तोंडून मीं हें एकच वाक्य ऐकलें. ह्या योगायोगावर एकादा चटकदार लघुनिबंध लिहून मोकळें होतां आलें असतें. इकडे श्रीमंतांचें अजीर्ण, तिकडे गरिबांची उपासमार. वाचकानें एक सुस्कारा टाकावा आणि पान उलटावें! परंतु असल्या सुस्काऱ्यांनीं आजवर कोणाचें पोट भरलेलें नाहीं आणि कोणाचें उतरलेलेंहि नाहीं. शिवाय ती मांडणीच मुळांत खोटी आहे. वजन उतरविण्याच्या ह्या नव्या औषधांविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून आज जें बोललें जातें, त्यांतील बहुतेक भाग अज्ञानाचा, कांहीं भाग दांभिकपणाचा व थोडा भाग शुद्ध व्यापाराचा आहे, असें माझें मत आहे. आणि तें मत सकारण मांडण्यासाठीं हा लेख आहे.

प्रथम औषध काय आहे तें पाहूं. जेवण पोटांत गेलें कीं आपल्या आंतड्यांतून 'जी. एल. पी.-१' नांवाचा एक स्राव रक्तांत येतो. तो स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना करतो, जठर सावकाश रितें होऊं देतो आणि मेंदूला 'आतां पुरे' असा निरोप पोंचवितो. पण हा निरोप्या फार अल्पायुषी. दोन-चार मिनिटांत तो नाहींसा होतो. अमेरिकेच्या वाळवंटांत 'गिला मॉन्स्टर' नांवाचा एक विषारी सरडा असतो. त्याच्या विषांत ह्याच स्रावाच्या जातीचा, परंतु पुष्कळ अधिक काळ टिकणारा एक पदार्थ आहे, असें जॉन एंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९९२ मध्यें दाखविलें. त्यावरून केलेलें पहिलें औषध २००५ मध्यें अमेरिकेंत मधुमेहासाठीं मान्य झालें. पुढें आठवड्यांतून एकदां टोंचून घ्यावयाचें सेमाग्लुटाईड आलें. तें तेथें २०१७ मध्यें मधुमेहासाठीं आणि २०२१ मध्यें स्थौल्यासाठीं संमत झालें. टर्झेपटाईड हें दुहेरी क्रियेचें औषध २०२२ मध्यें निघालें. आपल्या देशांत टर्झेपटाईड 'मौंजारो' ह्या नांवानें मार्च २०२५ मध्यें व स्थौल्यासाठींचें सेमाग्लुटाईड 'वेगोव्ही' ह्या नांवानें जून २०२५ मध्यें विक्रीस आलें.

त्याचा गुण येतो काय? येतो, आणि तो लहानसहान नव्हे. १,९६१ माणसांवर ६८ आठवडे केलेला सेमाग्लुटाईडचा प्रयोग २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. औषध घेणारांचें वजन सरासरीनें शेंकडा १४.९ उतरलें; औषध नसलेली सुई टोंचून घेणारांचें शेंकडा २.४. टर्झेपटाईडच्या सर्वांत मोठ्या मात्रेनें ७२ आठवड्यांत शेंकडा २०.९ घट झाली. ह्याहून महत्त्वाचा प्रयोग २०२३ चा आहे. मधुमेह नसलेल्या, पण हृदयाचा वा रक्तवाहिन्यांचा विकार जडलेल्या १७,६०४ वजनदार माणसांवर तो केला गेला. हृदयविकारानें मृत्यु, हृदयाचा झटका आणि पक्षाघात ह्या तिन्ही आपत्ति मिळून औषध घेणारांत एक पंचमांशानें कमी झाल्या. म्हणजे प्रश्न केवळ पोशाख सैल होण्याचा नसून आयुष्याचा आहे.

इतकें स्पष्ट असतांना ह्या औषधाला विरोध करणारा पहिला पक्ष आपल्या घरांतलाच आहे. त्याला मी नीतिपंडितांचा पक्ष म्हणतों. "आमच्या वेळीं कोठें होतीं हीं औषधें? तोंडावर ताबा ठेवावा, पहांटे उठून फिरावयास जावें. वजनाची काय बिशाद आहे!" हें ऐकावयास फार बाणेदार वाटतें. पण तें कोणाला ऐकविलें जातें, तें पाहा.

माझे ज्येष्ठ बंधु खोपोलीस एका कारखान्यांत चौतीस वर्षें काढून निवृत्त झाले. उंची साडेपांच फूट, वजन १०४ किलो, सतरा वर्षांचा मधुमेह आणि हृदयाचा एक झटका येऊन गेलेला. ह्या गृहस्थांनीं जन्मांत जेवढे उपास केले तेवढे आमच्या घराण्यांतील चार पिढ्यांच्या विधवांनींहि केले नसतील. चतुर्थ्या झाल्या, एकादश्या झाल्या, दिवसांतून दोनदांच जेवण्याचा नियम झाला, भात सोडून झाला, कर्जतजवळच्या एका निसर्गोपचाराच्या आश्रमांत आठ दिवस काकडीच्या रसावर राहून झालें. दर वेळीं आठ-दहा किलो उतरले आणि वर्षाच्या आंत व्याजासह परत आले. घरच्या प्रत्येक मंगलकार्यांत त्यांच्या ताटाकडे पाहून कोणी तरी विनोद करी, आणि त्या हंशांत तेहि सामील होत. डॉक्टरांनीं हें नवें औषध सुचविलें तेव्हां ते मला म्हणाले, "लोक म्हणतील, म्हाताऱ्याला तोंड आवरेना म्हणून सुई घेतली!" ह्या लाजेपायीं त्यांनीं चार महिने दवडले. एकदां हृदयाचा झटका येऊन गेलेल्या माणसाचे चार महिने ही क्षुल्लक चीज नव्हे. त्या विनोदांत एके काळीं माझाहि आवाज होता, म्हणून हें लिहितांना मी कोणा परक्याला दोष देत नाहीं.

दृष्टि मंद झालेल्या माणसानें चष्मा लावला तर त्याच्या डोळ्यांच्या आळसाबद्दल त्याला कोणी बोल लावीत नाहीं. मग रक्तदाबाची गोळी घेणारा समंजस आणि वजनाची सुई घेणारा चैनी, हा भेद कोणत्या शास्त्रांतला? नीतिपंडितांना पाश्चात्य प्रयोगांचे आंकडे मानवत नसतील तर त्यांनीं चरकसंहिता उघडावी. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल व अतिकृश ह्या दोघांचाहि विचार चरकानें एकत्र केला आहे. दोघांनाहि तो रोगपीडित समजतो व दोघांचीहि चिकित्सा सांगतो. स्थौल्याचीं कारणें देतांना अतिआहार, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप हीं तो सांगतोच. पण त्यांच्याच पंक्तीला बीजस्वभाव, म्हणजे जन्मतः आलेली प्रकृति, हेंहि कारण बसवितो. सर्वांत मार्मिक गोष्ट पुढेंच आहे. मेदानें मार्ग अडल्यामुळें कोठ्यांत फिरणारा वायु जठराग्नीला चेतवितो आणि म्हणून स्थूल मनुष्याला भूक अधिक लागते, असें तो म्हणतो. त्याची शरीरक्रियेची परिभाषा आज आपण स्वीकारीत नाहीं. पण दृष्टि पाहा. अनावर भूक हें त्याच्या लेखीं पाप नसून त्या रोगाचेंच एक लक्षण आहे. वजन उतरूं लागलें कीं शरीर भूक वाढवितें आणि आपला खर्च आवरतें, हें आजचें शास्त्र सांगतें. माझ्या बंधूंची दर वर्षीं जी हार होत होती ती चारित्र्याची नव्हती. शरीराशीं एकाकी चाललेल्या लढाईंतली ती हार होती. ज्यानें ही लढाई कधीं केलीच नाहीं, अशा सडपातळ माणसानें संयमाचीं प्रवचनें देणें म्हणजे जन्मतः उंच असलेल्यानें बुटक्याला फळीवरचा डबा काढून दाखविण्यासारखें आहे.

बंधूंनीं अखेर औषध सुरू केलें. वर्षभरांत चौदा किलो वजन उतरलें, इन्सुलिनची मात्रा निम्म्यावर आली, आणि घराचा जिना ते न थांबतां चढूं लागले. पण येथेंच लेखणी थांबविली तर मी औषधविक्याचा भाट ठरेन. पहिले दोन महिने त्यांना सकाळी मळमळ असे. बद्धकोष्ठानें ते हैराण झाले. आणि वर्षाच्या अखेरीस मांड्या इतक्या बारीक झाल्या कीं जमिनीवरून उठतांना हाताचा टेका घ्यावा लागूं लागला. तेव्हां डॉक्टरांनीं जेवणांत डाळ, ताक, अंडीं वाढविण्यास सांगितलें आणि पायांचे व्यायाम लावून दिले.

हा त्यांच्याच नशिबाचा भाग नव्हे. वर सांगितलेल्या २०२१ च्या प्रयोगांत औषध घेणारांपैकीं शेंकडा ४४ जणांना मळमळ, सुमारें ३२ जणांना जुलाब, २५ जणांना ओकारी आणि २३ जणांना बद्धकोष्ठ झालें. बहुतेकांचा त्रास सौम्य होता व कांहीं आठवड्यांत ओसरला; पण त्रास झाला. पित्ताशयांत खडे होणें आणि स्वादुपिंडाला सूज येणें हे धोके विरळा असले तरी खरे आहेत. डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटून एकाएकीं दृष्टि जाण्याचा एक अत्यंत विरळा प्रकार सेमाग्लुटाईडमुळें दहा हजारांत एकाला होऊं शकतो, असा निर्णय युरोपच्या औषध-नियंत्रकांनीं जून २०२५ मध्यें दिला. उंदरांत थायरॉइडच्या विशिष्ट गांठी आढळल्यामुळें त्या जातीच्या कर्करोगाचा इतिहास ज्यांच्या कुटुंबांत आहे त्यांना हें औषध देत नाहींत. त्याच प्रयोगांतील कांहीं जणांच्या शरीराचें बारकाईनें मापन केलें तेव्हां उतरलेल्या वजनांतील सुमारें दोन पंचमांश भाग चरबीचा नसून मांसादि इतर धातूंचा असल्याचें दिसलें. तरुणाला हें मांस परत मिळवितां येतें. साठी उलटलेल्या माणसाला तें फार महाग पडतें.

आणि सर्वांत मोठी गोष्ट: औषध थांबविलें कीं भूक परत येते. औषध बंद करून वर्ष लोटल्यावर त्या मंडळींचें उतरलेलें दोनतृतीयांश वजन परत आलें होतें. ह्याचा अर्थ औषध निरुपयोगी आहे असा नव्हे. रक्तदाबाची गोळी सोडली कीं रक्तदाबहि वाढतो. ह्याचा अर्थ एवढाच कीं, हें तीन महिन्यांचें व्रत नसून बहुधा दीर्घकाळाची, कदाचित् जन्माची सोबत आहे. जो विक्रेता पहिल्या दिवशीं हें सांगत नाहीं तो औषध विकत नसून आशा विकतो.

येथें दुसरा पक्ष पुढें येतो, आणि तो पहिल्यापेक्षां अधिक घातक आहे. हा बाजाराचा पक्ष. माझ्या एका भाचीचा विवाह ठरला. उंची पांच फूट तीन इंच, वजन ५८ किलो. किलोंतील वजनाला मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागून जो 'बी. एम. आय.' काढतात, तो तिचा २३ च्याहि आंत, म्हणजे आपल्या लोकांसाठीं घातलेल्या कडक मर्यादेंतसुद्धां निर्दोष. हें औषध आपल्याकडे ज्यांच्यासाठीं मान्य झालें आहे त्यांचा हा अंक ३० किंवा अधिक, अथवा मधुमेह, रक्तदाब असे विकार सोबतीला असल्यास २७ किंवा अधिक असावा लागतो. तरीहि फोटोंत गाल भरलेले दिसतात म्हणून मैत्रिणींनीं तिला सौंदर्यवर्धनाच्या एका दवाखान्यांत नेलें. तेथें तिचें रक्त कोणीं तपासलें नाहीं, कुटुंबाचा इतिहास कोणीं विचारला नाहीं. 'लग्नासाठीं सहा किलो' असा सौदा ठरला. हळदीच्या दिवशीं ती मुलगी ओकाऱ्यांनीं गळून सलाईन लावून पडली होती. आणखी एक गोष्ट तिला कोणीं सांगितली नाहीं. ती मला त्या ओकाऱ्यांहून भयंकर वाटते. गर्भधारणेच्या पूर्वीं निदान दोन महिने सेमाग्लुटाईड बंद केलेलें असावें लागतें. उद्यां बोहल्यावर चढणाऱ्या मुलीला ही गोष्ट न सांगतां सुई टोंचणें ह्याला मी व्यवसाय म्हणत नाहीं.

असल्या व्यवहाराला कायद्याचा आधार मुळींच नाहीं. औषधें व जादूचे उपाय ह्यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधींचा कायदा १९५४ चा आहे. ज्या विकारांवरील उपायांची जाहिरात करण्यास त्यानें मनाई केली आहे त्यांच्या यादींत स्थौल्य आहे. असें असून लोकलगाड्यांच्या डब्यांतून पोट उतरविण्याचे कागद उघड चिकटविलेले असतात, आणि नदीकांठच्या शेतघरांतून आठवड्याभरांत कायापालट करून देण्याचीं आश्वासनें मिळतात. आतां ह्या जुन्या दुकानांत नवी सुई आली एवढेंच. रोग्यानें डॉक्टरांकडे जावें, ही रीत. येथें औषधच गिऱ्हाइकाच्या शोधांत हिंडूं लागलें आहे.

इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या घाईची भीति वाटल्याशिवाय राहणार नाहीं. १९३३ मध्यें अमेरिकेंत डायनायट्रोफिनॉल नांवाच्या रसायनानें वजन झपाट्यानें उतरतें असें दिसून आलें आणि लोकांनीं तें मिठाईसारखें खाल्लें. मोतीबिंदु झाले, माणसें दगावलीं, तेव्हां १९३८ मध्यें तें बंद करावें लागलें. फेनफ्लुरामीननें हृदयाच्या झडपा बिघडतात हें कळून १९९७ मध्यें तें मागें घेतलें गेलें. सिब्युट्रामीन आपल्या देशांत वर्षानुवर्षें विकलें जाऊन २०११ मध्यें त्यावर बंदी आली. नवें औषध ह्या मालिकेंतलें आहे असें मी म्हणत नाहीं. त्याची पारख पुष्कळ अधिक माणसांवर व पुष्कळ अधिक कसोशीनें झाली आहे, आणि मधुमेहासाठीं ह्या वर्गांतील औषधें वीस वर्षें वापरांत आहेत. परंतु ती पारख रोग्यांवर झाली, निरोगी नववधूंवर झाली नाहीं. रोग्याच्या बाबतींत लाभाचें पारडें जड असतें म्हणून जोखीम पत्करावयाची. जेथें लाभच नाहीं तेथें लहानशी जोखीमसुद्धां मोठी होय.

आतां तिसरा पक्ष. हा सर्वांत सज्जन, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणें सर्वांत कठीण. हा म्हणतो, "कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर मुलें अन्नावांचून सुकत असतां भूक मारण्याच्या औषधाची चर्चा करणें हीच निर्लज्जता आहे. हें श्रीमंतांचें औषध श्रीमंतांना लखलाभ होवो!"

ह्या आक्षेपामागची वेदना मला मान्य आहे. ज्या भूमीनें भाताच्या कित्येक सुधारलेल्या जातींना 'कर्जत' हें आपलें नांव दिलें, त्याच भूमींत भात लावणाऱ्या हातांच्या घरीं पावसाळ्याच्या अखेरीस तांदूळ नसतो. खैरापासून कात काढणें हा ज्यांचा मूळचा धंदा, ती कातकरी जमात आज महाराष्ट्रांतील तीन अतिदुर्बल आदिम जमातींपैकीं एक गणली जाते. धंदा गेला, रान गेलें. दिवाळी सरली कीं पोरेंबाळें घेऊन वीटभट्ट्यांवर जावयाचें आणि पावसाच्या तोंडावर परतावयाचें, हें त्यांचें वर्ष. गर्भार बाई भट्टीवर, तिचें नांव मात्र गांवच्या अंगणवाडीच्या वहींत! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या ह्या संपन्न महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५.२ मुलें वयाच्या मानानें खुरटलेलीं आणि २५.६ मुलें उंचीच्या मानानें वाळलेलीं आढळलीं. त्याच पाहणींत देशांतील शेंकडा १८.७ स्त्रिया कृश व शेंकडा २४ स्त्रिया वजनदार वा स्थूल निघाल्या.

पण ह्या दोन ओळी दोन निरनिराळ्या जातींच्या माणसांच्या आहेत, असें समजण्यांत ह्या सज्जनांची चूक होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें ह्यांचा पाठपुरावा केला. तेथील नवजात मुलांचें वजन सरासरीनें सुमारें २.७ किलो भरलें; इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या मुलांचें सुमारें ३.५ किलो. पण खरा शोध पुढें आहे. पुण्याकडचीं हीं बारकीं मुलें हाडामांसानें उणीं होतीं, चरबीनें मात्र जवळजवळ उणीं नव्हतीं. अर्धपोटी आईच्या पोटांत वाढलेलें मूल मांस गमावतें, मेद राखतें. आणि पुढें त्याला पोटभर, पण निःसत्त्व अन्न मिळूं लागलें कीं मधुमेहाच्या वाटेला लागतें. २००४ मध्यें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत डॉ. याज्ञिकांनीं स्वतःचें आणि डॉ. यडकिन ह्या आपल्या इंग्रज मित्राचें चित्र शेजारीं शेजारीं छापलें. दोघांचा बी. एम. आय. अगदीं सारखा, २२.३, पण यडकिनांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२! वजनाचा कांटा आपल्या लोकांना कसा फसवितो, हें ह्याहून सोप्या रीतीनें कोणीं सांगितलेलें नाहीं.

म्हणजे गाडींतील त्या भगिनीची भूक आणि वाडीवरच्या त्या मुलाची भूक हीं एकाच दोऱ्याचीं दोन टोंकें आहेत. आपल्यापैकीं कितीकांच्या आज्या-पणज्या दुष्काळांत, साथींत, मागून जेवण्याच्या रीतींत अर्धपोटीं राहिल्या, त्याचा हिशेब आज आपल्या पोटाच्या घेरांत आणि रक्तांतल्या साखरेंत निघत असेल. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें देशांत १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत आणि प्रौढांपैकीं शेंकडा ३९.५ जणांचें पोट सुटलेलें आहे. आणि आज ज्या मुलानें वाटीपासून तोंड फिरविलें तो जगला, वाढला, पुढें खोपोलीच्या एकाद्या कारखान्यांत कंत्राटी कामगार झाला, भाकरीच्या जागीं पुड्यांतले तळीव पदार्थ व गोड चहा ह्यांवर राहूं लागला, तर चाळिशींत त्याची काय अवस्था होईल? अंगानें तो किरकोळच दिसेल. कोणी त्याला लठ्ठ म्हणणार नाहीं. पण त्याचें रक्त माझ्या बंधूंच्या रक्तासारखेंच गोड होण्याचा संभव आहे. त्या दिवशीं हेंच 'श्रीमंतांचें औषध' त्याला लागेल. तेव्हां त्याच्या हातीं तें पडावें म्हणून आज कोण भांडणार? "आम्हीं त्या औषधाचा तेव्हांच निषेध केला होता," एवढें सांगून तर ह्या सज्जनांना सुटतां येणार नाहीं ना?

औषध आलें तेव्हां महाग होतें, हें खरें. वेगोव्ही जून २०२५ मध्यें आलें तेव्हां पहिल्या मात्रेचे महिन्याला सुमारें १७ हजार आणि पूर्ण मात्रेचे २६ हजार रुपये पडत. नोव्हेंबर २०२५ मध्यें तो भाव कंपनीनेंच पुष्कळ उतरविला. सेमाग्लुटाईडच्या भारतांतील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यापुढें देशी कारखान्यांना तेंच औषध करण्यास मोकळीक. सप्टेंबर २०२५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या वर्गांतील औषधांचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत समावेश केला, पण कोणासाठीं? मधुमेहाबरोबर हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आणि स्थौल्य जडलेल्या रोग्यांसाठीं. ही यादी करणारांनीं लग्नाचा फोटो विचारांत घेतलेला नाहीं, आणि रोग्याची ऐपतहि घेतलेली नाहीं.

स्वस्ताईचा हा काळच खरा कसोटीचा आहे. भाव उतरला कीं बाजार सुई गल्लोगल्लीं नेईल आणि नीतिपंडित तिला हंसत राहतील. दोघांच्या मध्यें खरा रोगी तसाच राहील. म्हणून मागणी आतांच करावयास हवी. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयांतून, ज्याला रक्ताच्या व हृदयाच्या कारणानें जरूर आहे अशा कोणालाहि, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं हें औषध मिळालें पाहिजे; आणि औषधाच्या चिठ्ठीशिवाय, तपासणीशिवाय तें कोणालाहि मिळतां कामा नये. तसेंच, ज्या सरकारला वीस वर्षांनंतर ह्या औषधाचा खर्च डोईजड व्हावयास नको असेल, त्यानें भट्टीवरच्या गर्भार बाईच्या ताटापासून सुरुवात करावी. तिची नोंद भट्टीवर व्हावी, तिचा आहार भट्टीवर पोंचावा. मधुमेहावरील सर्वांत स्वस्त प्रतिबंधक उपायांत त्या ताटाची गणना व्हावी, इतका पुरावा पुण्याच्या त्या सहा खेड्यांनीं दिलेला आहे.

आणि आपण सुशिक्षितांनीं? ज्याला औषध हवें आहे त्याला लाजवूं नये. ज्याला नको आहे त्याला मोहांत पाडूं नये. घरांत कोणी घेत असेल तर किती किलो उतरले हें विचारण्यापूर्वीं जेवणांत डाळ-अंडें आहे ना, पायांत बळ आहे ना, रक्त तपासलें ना, हें विचारावें. मंगलकार्यांत दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून केलेला विनोद गिळावा. तो पचण्यास जड नाहीं.

लेख पुरा करीत असतां सेविकाबाईंचा निरोप आला. रुग्णालयांत नवव्या दिवशीं त्या मुलानें आपण होऊन वाटीकडे हात केला. आईनें वाडीवर सर्वांना निरोप धाडला आहे कीं, पोराला भूक लागली.